उत्तर बरोबर, पण एक अक्षर उरतंय: गूढ शब्दकोड्याची फोड जुळत नसेल तर काय तपासायचं

ही तक्रार आठवड्यातून एकदोनदा तरी कानावर येते, आणि खरं सांगायचं तर दोन वर्षांपूर्वी ती माझीच होती. म्हणजे कसं, क्लू वाचला, उत्तर डोक्यात चमकलं, घरं मोजली तर बसतंय, आडव्या-उभ्याला जुळतंय, पण कुणी विचारलं की बाई हे आलं कुठून, तर तत पप. फोड, म्हणजे क्लूमधून ते उत्तर कसं बनलं त्याचा हिशोब, करायला बसलं की एक अक्षर उरतं, नाहीतर एक कमी पडतं. मग आपण म्हणतो जाऊ दे, उत्तर तर आलंय ना. आणि पुढच्या कोड्यात परत तेच.

आमच्या घरात हे 'जाऊ दे' चालत नाही कारण आमची आत्या. ती सांगलीला असते, शाळेत मराठी शिकवायची, रिटायर झाल्यापासून रोज सकाळी घरच्या ग्रुपवर स्वतः बनवलेला एक क्लू टाकते आणि नुसतं उत्तर लिहिलं की तिचा ठरलेला रिप्लाय येतो, "उत्तर पोपटही सांगेल गं, फोड सांग." त्या पोपटाला घाबरून मी जे काही शिकले ते इथे लिहितेय. खालचे क्लू तिचे आणि थोडे माझे आहेत.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी पटकन. साध्या शब्दकोड्यात क्लू म्हणजे सरळ अर्थ. गूढ कोड्यात क्लूचे दोन तुकडे असतात, एका टोकाला उत्तराचा अर्थ (सुरुवातीला किंवा शेवटी, अधेमधे नाही) आणि उरलेल्या भागात तेच उत्तर अक्षरं जुळवून कसं तयार करायचं त्याची कृती. कंसातला आकडा अक्षरांचा. उदाहरणार्थ: "गाडी कृष्णाकाठच्या गावी, पोलीस करतात ती (४)". गाडी म्हणजे कार, कृष्णाकाठचं गाव वाई, पोलीस करतात ती कारवाई. मी यात सांगली घुसवायचा प्रयत्न करत होते, मग कराड, आणि आत्या मजा बघत होती. पण एकदा वाई बसलं की काही उरत नाही, प्रत्येक शब्दाचा हिशोब लागतो. फोड जुळली म्हणजे हे असं.

आता न जुळणारी केस. हा क्लू मी अजून विसरलेले नाही:

"काळ्याच्या पोटात आणि पिंडाला शिवणारा (३)"

उत्तर कावळा, हे शेंबडं पोरही सांगेल. मी ते टाकलं, वर फोडही लिहिली: पिंडाला शिवणारा हा अर्थ, आणि काळा हा शब्द कावळ्यात दिसतोच आहे, झालं. आत्या म्हणाली, "का आणि ळा आले. मधला व काय पिंडावरून आणलास?" मी म्हटलं व कावळ्याचा स्वतःचाच आहे. त्यावर तिने फक्त एक पोपटाचं चित्र पाठवलं.

दुपारी भाजी निवडताना लक्षात आलं. मी क्लूतला एक शब्द न वाचताच टाकून दिला होता, 'आणि'. मला वाटलं दोन तुकडे जोडायला आलाय, बिनकामाचा आहे. तो जोडायला आलाच नव्हता, तो माल होता. आणि म्हणजे व. काळ्याच्या पोटात व, का-व-ळा. म्हणजे वाचताना 'काळ्याच्या पोटात' इथे थांबायचं नाही, 'काळ्याच्या पोटात आणि' इथे थांबायचं आणि मग 'पिंडाला शिवणारा'. वाक्य म्हणून असं कुणी कधी वाचणार नाही, आणि कोडेकाराला नेमकं तेच हवं असतं.

तेव्हापासून माझी पहिली तपासणी हीच. उत्तरात एक अक्षर उरलं असेल तर क्लूमधे एक शब्द रिकामा बसलाय का ते बघायचं, दहातल्या सात-आठ वेळा त्या दोघांची जोडी असते. मी सरळ कागदावर क्लू उतरवते आणि हिशोबात आलेला प्रत्येक शब्द पेन्सिलने खोडत जाते, शेवटी जो न खोडलेला राहतो तो चोर. मोबाईलवर नुसतं बघून हे होत नाही, डोळा त्या आणि, तर, च, ही, मग वरून घसरतो, आपण वाचतोय असं आपल्याला वाटतं फक्त.

क्लूतला प्रत्येक शब्द कामाचा असलाच पाहिजे हा हट्ट आत्याचा एकटीचा नाही. इंग्लंडमधे 'ऑब्झर्व्हर' या पेपरात १९२६ पासून टॉर्केमाडा नावाने एक गृहस्थ भयानक अवघड गूढ कोडी बनवायचे, ते १९३९ साली गेले आणि त्यांच्या जागी लॅटिन-ग्रीक शिकवणारे एक मास्तर आले, डेरिक सॉमरसेट मॅकनट, टोपणनाव झिमेनीझ. दोन्ही टोपणनावं स्पेनमधल्या धर्मछळवाल्या इन्क्विझिटरांची, यावरून सोडवणाऱ्यांबद्दल काय भावना होती ते कळतं. तर या मॅकनट मास्तरांनी १९६६ साली नियम लिहून ठेवले, त्यांचं सार असं की चांगल्या क्लूत नेमका अर्थ हवा, प्रामाणिक कृती हवी आणि तिसरं काहीही नको. हे 'तिसरं काही नको' सोडवणाऱ्याच्या फायद्याचं आहे. कारण मग रिकामा दिसणारा शब्द खरंच रिकामा नसणार हे आपण धरून चालू शकतो. सगळेच कोडेकार हे पाळत नाहीत, काहीजण वाक्य छान दिसावं म्हणून एखादा शब्द भरीला घालतात, पण आधी संशय आपल्यावर घ्यावा, मग त्यांच्यावर.

आणि चुकीच्या जागी थांबण्याचा खेळ आपल्याला नवीनही नाही. महाभारतात व्यासांनी गणपतीचा हात जरा थांबावा म्हणून ८८०० कूट श्लोक घातले अशी कथा आहेच. शिवाय तो एक श्लोक बऱ्याच जणांनी शाळेत ऐकला असेल, "केशवं पतितं दृष्ट्वा द्रोणो हर्षमुपागतः". केशव पडलेला बघून द्रोणाला आनंद झाला? द्रोणाचार्यांना? तर नाही, 'के शवं' असं तोडायचं. क म्हणजे पाणी, के म्हणजे पाण्यात, शवं म्हणजे प्रेत, आणि द्रोण म्हणजे डोमकावळा. पाण्यात पडलेलं प्रेत बघून कावळा खूश झाला. बघा, परत कावळाच.

बरं, रिकामा शब्द कुठेच नाही आणि तरी अक्षर उरतंय किंवा कमी पडतंय, तेव्हा काय? तेव्हा मी प्रत्यय बघते. ही अडचण खास आपली आहे, इंग्रजी कोडी सोडवून मराठीत आलेले लोक इथे हमखास आपटतात. आपल्याकडे शब्द वाक्यात आला की त्याचं सामान्यरूप होतं, काळा चा काळ्या, घोडा चा घोड्या, आणि कोडेकाराला तर मूळ शब्द हवा असतो. म्हणून क्लूमधे दिसतं ते जसंच्या तसं उचलायचं नाही, आधी प्रत्यय सोलायचा आणि मग अक्षरं मोजायची. माझी इथली चूक सांगते. क्लू होता "पगाराचं डोकं उडवून थंड (२)". मी 'पगारा' घेतलं, प उडवला, उरलं गारा. गारा थंडच असतात की! लिहून मोकळी. उत्तर होतं गार. पगाराचं मधला मूळ शब्द पगार, त्याचं डोकं उडालं की गार. आणि मला हे आधीच कळायला हवं होतं कारण थंड हे विशेषण आहे आणि गारा हे आभाळातून पडणारं नाम आहे, 'थंड' च्या जागी वाक्यात 'गारा' घालून बघा, चहा गारा झाला म्हणाल का? अर्थाचा तुकडा आणि उत्तर एकमेकांच्या जागी वाक्यात बसायला हवेत, नाहीतर कुठेतरी पाणी मुरतंय.

याच्या जवळचीच पण जास्त महागात पडणारी चूक म्हणजे उत्तर जवळजवळ बरोबर असणं. "कलम मोडून तळ्यातलं फूल (३)". मी डोळे झाकून कमळ लिहिलं. आपण बोलताना कमळच म्हणतो ना. मग त्याच ळ वरून खाली जाणारा उभा शब्द काही केल्या येईना, मसाल्याचा काहीतरी पदार्थ होता, तीन अक्षरी, विड्याला टोचतात तो. मी अर्धा तास ळ ने सुरू होणारा मसाला शोधत होते, म्हणजे विचार करा! कलम मधली अक्षरं क, ल, म. त्यात ळ आहे कुठे? मोडलेल्या कलमाचं कमल होतं, कमळ नाही. खाली लवंग होती आणि मी तिची ळवंग करून ठेवली होती. अर्थ दोन्ही शब्दांना लागू होता, निवाडा फक्त कृती करू शकत होती आणि तीच मी बघितली नव्हती. फोड कशाला करायची, उत्तर आलं ना, असं म्हणणाऱ्यांना मी ही ळवंग दाखवते.

एक अक्षर कुठून आलं तेच कळत नाही असं पण होतं. इंग्रजीत त्यांच्याकडे एका अक्षराच्या शॉर्टफॉर्मची फौज असते, आपल्याकडे तशी नाही, पण जी आहे ती एकदा माहीत झाली की बरंच सुटतं. सगळ्यात मोठं दुकान म्हणजे सरगम. षड्ज सा, ऋषभ रे, गांधार ग, मध्यम म, पंचम प, धैवत ध, निषाद नि. "षड्ज-पंचम लावताच फणा काढणारा (२)" हा मी बनवलेला, सा आणि प, साप, आणि यावर आत्याकडून चक्क अंगठा मिळाला होता. 'आणि' चं व होतं तसं नि पण होतं. आकाशासाठी ख येतो, खग मधला. पृथ्वीला भू, हाताला कर. नकार म्हटला की न, ना, अ, काहीही. मी वहीच्या मागच्या पानावर अशी यादी करून ठेवलीय, दर महिन्याला एखादी भर पडते.

उलट बाजूने पण फसायला होतं, म्हणजे जिथे कृतीच नाही तिथे आपण कृती शोधत बसतो. "आईवडिलांची भाजी (३)". मी यात आई कुठे टाकू, वडील म्हणजे तात घेऊ का बाप घेऊ, असं किती वेळ खेळत होते. पालक! दोन अर्थ, एक शब्द, संपलं. क्लू दोनतीन शब्दांचाच असेल तर आधी दोन अर्थांची शंका घ्यावी. आणि लपवलेल्या शब्दात तर अक्षरं उरणारच, तिथे घाबरायचं नाही: "त्याच हातात लपलेलं गरम पेय (२)" मधे 'त्याच हातात' या अक्षरांच्या मधोमध च आणि हा शेजारी बसलेत, चहा, बाकी त्या, ता, त उरले ते नुसतं पांघरूण. फक्त लपलेलं, आत, पोटात, मधे असला काहीतरी इशारा क्लूमधे हवाच.

ऐकण्यावरचे क्लू मराठीत फार नसतात कारण आपण बोलतो तसंच बहुतेक लिहितो, उरतात ते ऱ्हस्व-दीर्घ, दिन आणि दीन, शिर आणि शीर. इथे अडलं तर एवढंच बघायचं की 'ऐकू आला', 'कानावर' वगैरे इशारा कुठल्या शब्दाला चिकटलाय. तो ज्याला चिकटलाय ते ऐकायचं, दुसऱ्या टोकाला आहे ते लिहायचं. "कानावर आलेला गरीब दिवस (२)" म्हणजे दीन ऐकायचा आणि दिन लिहायचा. इशारा बरोब्बर मधे ठेवला असेल, "गरीब कानावर आला दिवस", तर दोन्ही उत्तरं बरोबर ठरतात आणि मग तो दोष कोडेकाराचा, आपण खुशाल भांडावं.

आता शेवटचं आणि सगळ्यात वादाचं, काना-मात्रा. अक्षरं उलटवायची किंवा उलटीपालटी करायची म्हणजे नक्की काय हलवायचं? आत्याचा नियम कडक. अक्षर म्हणजे त्याच्या काना, मात्रा, वेलांटीसकट एक पूर्ण डबा, डबा हलेल, डब्यावरचं झाकण हलणार नाही. तिचं म्हणणं आपल्या जुन्या खेळांचं हेच गणित आहे, "ती होडी जाडी होती" उलटं वाचा, ती, हो, डी, जा, डी, हो, ती. "रामाला भाला मारा" पण तसंच. दोन्ही डब्याडब्यांनी उलटतात. तिचा "राग उलटला की फणसात सापडतो (२)" हा पण त्याच हिशोबाने, रा-ग उलटलं की ग-रा, गरा. (उन्हाळ्यात कोकणात हा क्लू जास्त पटतो.) इंग्रजी लिपीत डबेच नाहीत, सगळी अक्षरं सुटी. त्या मॅकनट मास्तरांनंतर १९७२ पासून त्याच पेपरात जे आले त्यांनी देझा नावाचा आणखी एक इन्क्विझिटर पकडला आणि त्याचं नाव उलटं करून (Deza चं Azed) अझेड हे टोपणनाव घेतलं. आपल्या लिपीत देझा उलटा केला तर झादे होईल. म्हणून इंग्रजीतली सवय घेऊन मराठी क्लू उलटवायला गेलं की अक्षर उरतं, काना उरतो, काहीतरी उरतंच.

पण काही कोडेकार काना-मात्रा सुट्या धरतात, व्यंजनं तीच असली की झालं, स्वर कुठेही लावा. दोन्ही पद्धती चालतात माझ्या मते, फक्त एका कोड्यात एकच असावी. तुमची फोड नेमकी एका कान्यावर अडत असेल तर त्याच कोड्यातले आधी सुटलेले उलटापालटीचे दोनतीन क्लू परत बघा, तिथे काने हलले होते का? हलले असतील तर इथेही हलवा. एकही हलला नसेल तर तुमचं उत्तर चुकलंय असं समजून पुसायला घ्या.

या तपासणीत मी एकदा आत्यालाच पकडलं. गेल्या पावसाळ्यात तिने टाकलं, "बिथरलेला नवरा झाडावर उड्या मारतो (३)". वानर, हे सगळ्यांना दोन मिनिटांत आलं, काकाने तर उत्तराच्या खाली स्वतःचा फोटो टाकला. मी फोड मांडली. नवरा म्हणजे न, व, रा. वानर म्हणजे वा, न, र. काना रा वरून उठून व वर बसलाय. कागदावर सगळे शब्द खोडून झाले होते, रिकामा एकही नव्हता, प्रत्यय नव्हता, शॉर्टफॉर्म नव्हता, म्हणजे चूक माझी नव्हतीच. मी लिहिलं, आत्या, तुझ्या डब्याचं झाकण उडालं. पाच मिनिटं टायपिंग, टायपिंग दिसत राहिलं. मग आलं, "अगं नवराच बिथरलाय, काना कुठे जागेवर राहतोय."

ग्रुपवर सगळे हसले आणि विषय संपला. दुसऱ्या दिवशीच्या क्लूखाली मात्र बारीक ओळ होती: काना-मात्रा हलणार नाहीत. आता ती रोज असते.